मागून येणारी शिट्टी
(सायकलवरच्या मुलीला रस्ता, फिजिक्स आणि कायदा यातलं काय उपयोगी पडतं)

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी



मुलींच्या होस्टेलच्या स्टँडवर सव्वीस सायकली आहेत (मी मोजल्या!). त्यातल्या रोज बाहेर पडतात जेमतेम नऊ. बाकीच्यांच्या चेनवर गंज आणि सीटवर कबुतरांची कृपा. कारण विचारा, उत्तरं ठरलेली असतात. "पंक्चर आहे गं", "वेळच नाही", "सबमिशन्स चालू आहेत". पण रात्री जर्नल पूर्ण करताना, मॅगी शिजता शिजता, खरं कारण बाहेर येतं. कुणाच्या मागे बाईक लागली होती, कुणाची ओढणी खेचली गेली, कुणाच्या पाठीवर थाप मारून दोघं डबल सीट पसार झाले. ही गोष्ट त्या मुलीनं घरी सांगितलेली नसते, रेक्टर मॅडमना तर नाहीच. कारण उत्तर तिला पाठ असतं: "मग सायकल कशाला चालवायची?"

पुणं एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. त्याच शहरात आपण टवाळांमुळे सायकल सोडतोय. रिक्षाला पैसे जातात, बसची वाट बघण्यात वेळ जातो, लायब्ररीतून साडेसातला निघावं लागतं. म्हणजे केलं कुणी आणि भरतंय कोण? म्हणून हा लेख. यात हिरोगिरी नाही. रस्त्यावर त्या दहा सेकंदांत काय होतं आणि काय करता येतं, एवढंच आहे.

आधी प्रकार ओळखा

आम्हाला शाळेत सिस्टर एकच मंत्र द्यायच्या, "इग्नोर देम, गर्ल्स!" मंत्र वाईट नाही, पण सगळ्या रोगांवर एकच गोळी चालत नाही. सायकलवर होणारा त्रास साधारण चार प्रकारचा असतो.

१) शब्द: शिट्टी, कमेंट, गाणं म्हणणं, मुद्दाम हॉर्न.
२) पाठलाग: शेजारून किंवा मागून तुमच्याच वेगानं बाईक चालवणं.
३) कट मारणं आणि वस्तू फेकणं: होळीच्या दिवसांतले फुगे, पाण्याची बाटली, थुंकी. हे मुलांच्याही वाट्याला येतं बरं का!
४) स्पर्श: थाप, ढकलणं, बॅग किंवा ओढणी ओढणं.

पहिल्या प्रकाराला बहुतेक वेळा इग्नोर पुरतं, कारण त्याला हवी असते ती तुमची रिॲक्शन. बाकीच्या तिघांना पुरत नाही. तिथे डोकं वापरावं लागतं. आणि डोकं म्हटलं की आपलं फिजिक्स आलंच!

रिलेटिव्ह व्हेलॉसिटी, परीक्षेबाहेरची

आपली सायकल साधारण ताशी १५ किलोमीटरनं जाते, म्हणजे सेकंदाला सुमारे ४.२ मीटर. बाईक ताशी ३० नं गेली तर सेकंदाला ८.३ मीटर. फरक ४.१. म्हणजे थाप मारून पुढे गेलेल्या बाईकमध्ये आणि तुमच्यात वीस मीटरचं अंतर पडायला पाचएक सेकंद लागतात. उजेड असेल तर तेवढ्या अंतरावरून नंबर वाचता येतो. पण तुम्ही तिथल्या तिथे थांबलात तर हाच वेळ निम्मा होतो. म्हणून स्पर्श करून कुणी पुढे पळालं, आणि तुमचा तोल शाबूत असेल, तर सायकल सरळ चालू ठेवा आणि नंबर मोठ्यानं वाचा. मोठ्यानं अशासाठी, की स्वतःच्या आवाजात ऐकलेलं लक्षात राहतं आणि शेजारच्या चार जणांनाही ऐकू जातं. पुण्यात एमएच १२ आणि पिंपरी-चिंचवडकडे एमएच १४ हे बहुतेक गाड्यांवर असतंच, त्यावर मेहनत नको. मधली अक्षरं आणि शेवटचे चार आकडे पकडा. अक्षरं निसटली तरी चार आकडे, गाडीचा रंग आणि मॉडेल मिळून बरंच काम होतं. मग सुरक्षित जागी थांबून लगेच मैत्रिणीला व्हॉइस मेसेज करा: नंबर, वेळ, जागा.

पाठलागाचं गणित मात्र उलटं आहे. इथे तो तुमच्या वेगानं चाललाय. वेग वाढवून काहीही उपयोग नाही, पायांची इंजिनाशी शर्यत होत नाही. पण ब्रेकचं काय? आरशात मागची गाडी बघा, आणि दोन्ही ब्रेक लावून थांबा. ताशी १५ वरून सायकल तीनेक मीटरमध्ये थांबते. तुम्ही ठरवून थांबलात, त्याला मात्र कळायलाच एक सेकंद जातो. तेवढ्यात तो निदान तीन-चार मीटर पुढे गेलेला असतो. आता तो तुमच्या पुढे, त्याचा नंबर तुमच्या समोर, आणि त्याच्या मागे हॉर्न वाजवणारी ट्रॅफिक. त्याची गाडी शंभर किलोच्या वर, वळवायला जागा लागते. तुमची सायकल पंधरा-वीस किलोची! ती हातात धरा, फुटपाथवर चढा, आणि उलट दिशेला पायी चालायला लागा. एकेरी रस्त्यावर तर त्याला सरळ पुढेच जावं लागतं. पहिलं उघडं दुकान, मेडिकल, पेट्रोल पंप दिसेल तिथे आत शिरा. एक पथ्य पाळा: कुणी मागे असेल तर थेट होस्टेलच्या गेटवर किंवा रूमवर जाऊ नका, पत्ता कळतो.

तोल जातो कुठे?

सायकल पडू लागली की आपण नकळत हँडल त्याच बाजूला वळवतो आणि ती सावरते. सायकलचा तोल म्हणजे असं सतत थोडं थोडं वळणं. त्यासाठी दोन्ही बाजूंना जागा हवी. आपण घाबरून रस्त्याच्या अगदी कडेला, गटाराच्या जाळ्या आणि खडी यांच्यावरून चालवतो, तिथे सावरायला जागाच नसते. कडेपासून साधारण एक मीटर आत चालवा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत.

दुसरी गोष्ट, मागून हाक आली की मान वळते, मानेबरोबर खांदा आणि खांद्याबरोबर हँडल. कितीतरी जणी धक्क्यानं नाही, वळून बघण्यानं पडतात. म्हणून हँडलला छोटा आरसा लावा. "आंटी लोकांसारखा दिसतो" हे मीही ऐकलंय, पण तो बसवल्यापासून मागचं बघायला मान वळवावी लागत नाही. ओढणीला गाठ, बॅगेचा पट्टा तिरका, आणि मागे लाल दिवा. गळ्यात पीटीच्या सरांची असते तशी शिट्टी. शिट्टीला शिट्टीनं उत्तर!

पेपर स्प्रे ठेवायचा असेल तर ठेवा, पण चालत्या सायकलवरून कधीही मारू नका. वारा पडलेला असला तरी तुमच्या वेगाचा वारा समोरून येतच असतो, आणि फवारा तुमच्याच डोळ्यांत जायचा. उतरून, वारा पाठीशी घेऊनच.

शिव्या घालू का?

माझी रूममेट म्हणते, "मी तर सायकल आडवी घालून त्याची कॉलर धरीन." भावना एकदम मान्य! पण समोर किती जण आहेत, प्यायलेले आहेत का, हत्यार आहे का, हे आपल्याला माहीत नसतं. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत अंधेरीच्या आंबोली भागात, मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला हटकलं म्हणून दोन तरुणांवर हल्ला झाला आणि त्यात दोघांचाही जीव गेला. २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली, पण ती दोन मुलं परत आली नाहीत. म्हणून ओरडा जरूर, तेही गर्दीकडे बघून. एकट्यानं मागे लागू नका.

ओरडण्याचंही तंत्र आहे. नुसतं "वाचवा" म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी जाईल. डार्ले आणि लातने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रयोगातून हेच दाखवलं होतं: बघणारे जास्त, तर पुढे येणारा कमी. उपाय सोपा. एकाच माणसाला पकडा. "निळ्या शर्टवाले काका, हा माणूस माझ्या मागे लागलाय, जरा इथे थांबता का?" नेमून दिलेलं काम माणूस सहसा टाळत नाही.

कायदा काय म्हणतो

'छेडछाड' हा शब्द ऐकला की काहीतरी गंमत चाललीय असं वाटतं. कायद्याला तसं वाटत नाही. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर २०१३ मध्ये कायदा कडक झाला, आणि १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. लक्षात ठेवायची कलमं अशी:

कलम ७९: स्त्रीचा अपमान करण्याच्या हेतूनं शब्द, आवाज किंवा हावभाव. तीन वर्षांपर्यंत कैद.
कलम ७५: लैंगिक छळ. यात अश्लील शेरेबाजीही येते, तिला एक वर्षापर्यंत कैद.
कलम ७८: पाठलाग. स्पष्ट नकार दिसत असताना पुन्हा पुन्हा मागे लागणं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत.
कलम ७४: विनयभंगाच्या हेतूनं बळाचा वापर, म्हणजे ती पाठीवरची थाप. किमान एक आणि जास्तीत जास्त पाच वर्षं.
कलम २८१ आणि १२५: बेदरकार गाडी चालवणं आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं. कट मारणाऱ्यांसाठी. ही दोन मुलग्यांनाही लागू पडतात.

तातडीच्या वेळी फोन ११२. बहुतेक स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ दाबून इमर्जन्सी कॉल लावता येतो, ती सेटिंग आज रात्रीच तपासून ठेवा. तक्रार कुठल्याही पोलीस स्टेशनात देता येते, "आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर चालत नाही. याला झिरो एफआयआर म्हणतात. वरच्या ७४ ते ७९ कलमांत पीडित स्त्रीची तक्रार महिला अधिकाऱ्यानं नोंदवायची असते, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. गेल्या वर्षी आम्ही तिघी एका चौकीत गेलो तेव्हा आधी "एवढ्याशा गोष्टीला कशाला?" असंच ऐकावं लागलं. कलम सांगितलं, गाडीचे चार आकडे सांगितले, तेव्हा खुर्ची मिळाली आणि कागदही. त्रास देणारा आपल्याच कॉलेजचा निघाला तर कॉलेजची अंतर्गत तक्रार समितीही आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे तिच्याकडे लेखी तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी.

आता मुलांशी दोन शब्द

तुम्ही तसे नसता, कबूल. पण ट्रिपल सीट जाताना मागचा एखादा ओरडतो आणि पुढचे दोघे हसतात, ते हसणंच त्याचं पेट्रोल आहे. हसू नका, पुढचं ओरडणं आपोआप कमी होतं. आणि रस्त्यात असं काही दिसलं तर मारामारी नको. सरळ मुलीपाशी जाऊन विचारा, "अगं, चेन उतरली का तुझी?" ओळख नसली तरी चालेल. ती एकटी नाही एवढं दिसलं की समोरचा बहुतेक वेळा सटकतो. तो गेल्यावर तिला विचारा, "ठीक आहेस ना? कुठपर्यंत सोबत येऊ?" आणि ती नको म्हणाली तर नको.

सर आणि मॅडम, तुमच्याशीही

एखादी मुलगी सांगायला आली तर पहिला प्रश्न "तू तिथे कशाला गेली होतीस?" हा नसावा. त्या एका प्रश्नानं पुढच्या दहा मुली गप्प बसतात. सावित्रीबाई फुले १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवायला जात, तेव्हा लोक अंगावर चिखल-शेण टाकत. त्या शाळेत जाऊन बदलायला एक जादा लुगडं जवळ ठेवायच्या. त्या वेळी उपाय म्हणून शाळा बंद केली असती तर आज मी हे लिहायला इथे नसते. त्रास कुणी दिला आणि कुठे दिला, हे आधी विचारा. मुलीच्या येण्याजाण्याचं नंतर बघू.

माझी मागणी लहान आहे. वॉर्डन ऑफिसबाहेर एक वही ठेवा. त्यात फक्त तारीख, वेळ, जागा आणि प्रकार लिहायचा. नावाची सक्ती नको. महिना-दोन महिन्यांत कळेल की त्रास कुठल्या वळणावर, कुठल्या बंद दिव्याखाली आणि किती वाजता होतो. इंजिनिअरिंगमध्ये आपण रीडिंग घेतल्याशिवाय ग्राफ काढत नाही, मग इथे का काढावा? ते रीडिंग हातात असलं की महापालिकेकडे दिवा मागता येतो आणि पोलिसांकडे त्या वेळची गस्त. नुसतं "वातावरण खराब आहे" म्हणून कुणी काही देत नाही.

तोपर्यंत एकत्र निघूया. रविवारी सकाळी साडेसहाला मेन गेटपाशी मी पंप आणि पंक्चर किट घेऊन उभी असेन. मुलं आली तरी हरकत नाही. फक्त हॉर्न घरी ठेवून या!