लव्हाळ्यांतला सूर : ओबो आणि त्याचे कवी

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाताना वाटेत देवगिरीचा किल्ला लागतो. तेराव्या शतकात यादवांच्या या राजधानीत शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या वाद्याध्यायात सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांमध्ये ‘मधुकरी’ येते. अभ्यासक तिला सनईच्या कुळातली मानतात. त्याच कुळाची युरोपातली शाखा म्हणजे ओबो. दोन पातळ पत्त्या ओठांत धरून त्यांच्या फटीत फुंकर घालायची, की रुंदावत जाणाऱ्या नळीतून सूर उमटतो. सनईचा सूर मांडवभर पसरतो. ओबोचा सूर बारीक, धारदार आणि कानाजवळ येऊन बोलणारा असतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदातली वाद्ये मैफलीआधी त्याच्याच स्वरावर जुळवली जातात.

हा मान असूनही एकोणिसाव्या शतकात ओबोच्या वाट्याला स्वतंत्र रचना फारशा आल्या नाहीत. त्याआधी मोत्सार्टने त्याला कॉन्चेर्तो आणि चौकडी दिली होती, पण पुढे संगीतकारांचे मन क्लॅरिनेटवर बसले. ब्राम्सने उतारवयात क्लॅरिनेटसाठी चार चेंबर रचना केल्या, ओबोसाठी एकही नाही. मोठमोठ्या सभागृहांच्या त्या काळात पियानो आणि व्हायोलिनच्या करामतींना टाळ्या पडत होत्या. चेंबर म्युझिक म्हणजे दोन-चार वादकांची जवळून ऐकायची बैठक. तिथे ओबोला पुन्हा जागा मिळाली, ती बऱ्याच अंशी कवितेमुळे.

सुरुवात रॉबर्ट शूमानपासून करावी लागते. त्याचे वडील पुस्तकविक्रेते आणि प्रकाशक होते. संगीत आणि साहित्य यांत कोणाची निवड करावी, या पेचात त्याचे तारुण्य गेले. १८४० या एका वर्षात त्याने हाइने, आयशेनडॉर्फ आणि इतर कवींच्या शब्दांवर शंभराहून अधिक गाणी रचली. नऊ वर्षांनी, डिसेंबर १८४९मध्ये, ड्रेस्डेनला त्याने ओबो आणि पियानोसाठी ‘तीन रोमान्स’ लिहिले आणि नाताळची भेट म्हणून पत्नी क्लाराला दिले. यात कोणाचीही कविता नाही, तरी प्रत्येक तुकडा गाण्यासारखा चालतो आणि पियानो नुसती साथ न करता उत्तर देतो. प्रकाशक झिमरॉकने यावर क्लॅरिनेटचेही नाव घालायचे सुचवले, ते शूमानने मानले नाही.

वादकांना मात्र या रोमान्सचा धाक वाटतो. ओबोच्या पत्त्यांमधली फट इतकी अरुंद असते की घेतलेली हवा संपतच नाही. छातीत शिळी हवा साठते आणि नवा श्वास घेण्याआधी ती बाहेर टाकावी लागते. शूमानच्या लांबलचक ओळी त्यासाठी उसंतच देत नाहीत.

कविता उघडपणे हातात धरली ती ऑगस्ट क्लुगहार्ट या जर्मन संगीतकाराने. निकोलाउस लेनाऊ हा हंगेरीत जन्मलेला, जर्मनमध्ये लिहिणारा कवी. त्याच्या ‘शिल्फलीडर’ या पाच कवितांत तळ्याकाठी लव्हाळ्यांत एकटा प्रेमिक आहे. संध्याकाळ होते, वादळ येते, शेवटी पाण्यावर चांदणे उतरते. मराठी वाचकाला इथे बालकवींचा ‘औदुंबर’ आठवेल. क्लुगहार्टने १८७२मध्ये या कवितांवर ओबो, व्हायोला आणि पियानोसाठी पाच भागांची रचना केली आणि ती संगीतकार लिस्टला अर्पण केली. लेनाऊच्या ओळी त्याने स्वरलिपीतच, त्या-त्या सुरावटीवर छापल्या. त्या श्रोत्यासाठी नाहीत, कोणी गायच्याही नाहीत. वादकाने मनात म्हणायच्या आहेत. आपल्याकडे गायकी अंगाने वाजवणारा सनईवादक बंदिशीचे बोल मनात धरूनच सूर लावतो, त्याला हे नवे वाटणार नाही. शिवाय ओबोची पत्तीही पाणथळ जागी वाढणाऱ्या नळगवताचीच असते. त्यामुळे लव्हाळ्यांच्या कवितेला हेच वाद्य शोभते.

चार्ल्स मार्टिन लेफ्लरची वाट काळोखी आहे. तो बॉस्टन सिंफनीत व्हायोलिन वाजवी. मोरिस रोलिना या फ्रेंच कवीच्या कविता त्याने आधी आवाज, क्लॅरिनेट, व्हायोला आणि पियानो यांसाठी बांधल्या होत्या. १८९८मध्ये ‘ला बुर्गोन्य’ हे जहाज बुडाले आणि त्यात त्याचा क्लॅरिनेटवादक सहकारी लेओं पुर्तो गेला. १९०१मध्ये लेफ्लरने रोलिनाच्या कवितांवरच्या त्या गाण्यांतल्या दोन रचना ओबो, व्हायोला आणि पियानोसाठी नव्याने घडवल्या. गायकाचा आवाज त्याने काढून टाकला. ‘तळे’ ही पुर्तोच्या स्मृतीला वाहिली. त्यात आंधळे मासे आणि भेसूर चंद्र आहे. ‘कॉर्नम्यूझ’मध्ये मेलेल्या वादकाची पिपाणी वाऱ्यावर विव्हळत राहते. ही पिपाणी म्हणजे एक प्रकारची मशकबीन. तिच्यातही दुहेरी पत्तीच असते, म्हणून ओबो इथे आपल्याच भावंडाची नक्कल करतो.

राइनेके आणि हेर्त्सोगेनबेर्ग या संगीतकारांनी १८८०च्या दशकात ओबो, हॉर्न आणि पियानोसाठी लिहिलेली त्रिकुटे ऐकायला सुंदर आहेत, पण त्यांमागे कवी नाही. कवितेचा धागा पुढे इंग्लंडात निघाला. बेंजामिन ब्रिटनने १९५१मध्ये ओव्हिडच्या कथाकाव्यावर एकट्या ओबोसाठी सहा तुकडे लिहिले, तर व्हॉन विल्यम्सने १९५७मध्ये ब्लेकच्या दहा कविता केवळ आवाज आणि ओबो यांच्यावर तोलल्या.

या सगळ्यांत सरस कोण? सुरावटीला शूमान आणि धाडसाला लेफ्लर. पण कविता आणि वाद्य यांचा मेळ सर्वांत नितळ जमला आहे तो क्लुगहार्टला, आणि नेमका तोच कमी वाजवला जातो. नव्या श्रोत्याने त्याच्यापासून सुरुवात करावी, तीही लेनाऊच्या कवितांचा आशय आधी समजून घेऊन.

कविता मनात धरून वाद्यांसाठी रचना करण्याच्या अशा प्रयोगाला मराठवाड्यातही सामग्रीची वाण नाही. छत्रपती संभाजीनगरातल्या ‘महागामी’ या कलासंस्थेत शार्ङ्गदेवाच्या नावाने समारोह होतो. अजिंठ्याच्या डोंगरांजवळच्या पळसखेडच्या ना. धों. महानोरांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह १९६७पासून वाचला जातो आहे. या कवितांना चाली खूप लागल्या. आता एखाद्या संगीतकाराने त्यांतल्या चार-पाच निवडाव्यात, गायकाला बाजूला ठेवावे आणि सनई, सारंगी आणि संवादिनीसाठी छोटी बैठक रचावी. ओळी फक्त वादकांच्या कागदावर असाव्यात.