चार आवाज, एक स्पीकर

तेरच्या गोरोबाकाकांचे अभंग म्हणणारी आपल्या जिल्ह्यातली भजनी मंडळे पूर्वी एका माइकवर भागवत. आता गायकाला एक, पेटीला एक, पखवाजाला एक, टाळकऱ्यांना एक, असे चार माइक लागतात. अॅम्प्लिफायरकडे वायर मात्र एकच जाते. मधला डबा म्हणजे मिक्सर. तो बिघडला की लोक घाबरून झाकणच उघडत नाहीत. दुरुस्तीचे काम करणारा म्हणून सांगतो, आतले भाग मोजके असतात.

आधी हा प्रश्न सोडवू : चारही पॉटच्या वायरी सरळ एकत्र जोडल्या तर काय बिघडते? पेटीचा पॉट शून्यावर आणला की ती वायर अर्थला टेकते आणि तिच्याबरोबर गायकाचाही आवाज गप्प होतो! म्हणून प्रत्येक वाटेवर एक रेझिस्टर घालतात, समजा 47 किलोओहमचा. या वाटा 4558 सारख्या आठ पायांच्या आयसीच्या उलट्या इनपुटला मिळतात. तिथला दाब आयसी जवळपास हलू देत नाही, त्यामुळे एका माइकची चाहूल दुसऱ्याला लागत नाही. आयसीच्या आउटपुटकडून मागे येणारा रेझिस्टर किती पट वाढवायचे ते ठरवतो. तोही 47 असेल तर आवाज आहे तेवढाच, 100 असेल तर साधारण दुप्पट.

आवाजाची लाट वर-खाली होते, पण अॅडॉप्टर देतो एकाच बाजूचे 12 व्होल्ट. मग दोन सारखे रेझिस्टर लावून मधोमध 6 व्होल्ट काढतात. आता हे 6 व्होल्ट पॉटमध्ये घुसू नयेत, याची राखण कपॅसिटर करतो. तो स्थिर वीज अडवतो, आवाज सोडतो. पॉट फिरवताना खरखर येते ती बहुधा धुळीने. नवा पॉट टाकूनही ती राहिली, तर हा कपॅसिटर गळतो आहे असे समजा. बदलताना आकडा पाहा. 1 मायक्रोफॅरडच्या जागी 0.01 लावला तर सुमारे 340 हर्ट्झखालचे सूर उतरत जातात आणि पखवाजाच्या धुमेचा भारदस्तपणाच जातो. मंडळी मग विनाकारण पखवाज्याला दोष देतात.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. 'घुंऽऽ' आवाज थांबावा म्हणून काही जण प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. आवाज थांबतोही. पण आत कुठे वायर सुटून पत्र्याला लागली, तर तीच वीज माइकच्या धातूच्या दांड्यापर्यंत येऊ शकते आणि गाणारा ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असतो. त्यापेक्षा मिक्सर आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डावरून चालवा आणि माइकच्या वायरीची जाळी पिनेपाशी तुटली आहे का, ते आधी बघा.