दुआ, दवा आणि इज्जत

घरातला तरुण मुलगा अबोल होतो, कोणी आपल्यावर पाळत ठेवतंय म्हणतो, नसलेले आवाज ऐकतो. आपल्या घरांत पहिला शब्द निघतो, ‘असर’! मग आमील, तावीज, दर्गा यांत महिने जातात. हा स्किझोफ्रेनिया असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला तो आहे.

भास आणि संशय सर्वांना दिसतात. रुग्णाच्या मनातून उतरलेली स्वतःची किंमत मात्र दिसत नाही. कानातले आवाज पुष्कळदा त्याला हिणवणारेच असतात. त्यात घरातूनही ‘पागल’, ‘निकामा’ ऐकू आले, की आवाज खरे बोलतात असे त्याला वाटते. तो माणसांना टाळतो, गोळ्या सोडतो आणि आजार पुन्हा उसळतो.

मूळचे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हाच आजार होता. त्यांनी तो लपवला नाही. १९९७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू झाली. तेथे रुग्ण आणि नातेवाईक एकत्र बसून मन मोकळे करतात. २००४ च्या ‘देवराई’ या मराठी चित्रपटामागेही तेच होते. आजारी भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण यांची ती कथा घरच्यांसोबत जरूर पाहावी.

आमच्या राजोडीसारख्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात. म्हणून बदनामीची भीती मोठी, पण आधारही जवळच असतो. दुआ करावीच, पण इलाज करणे हीसुद्धा आपल्या पैगंबरांची शिकवण आहे. गोळ्यांनी आवाज कमी होतात, इज्जत मात्र घरच्यांनीच द्यायची असते. त्याच्याशी भासांवरून वाद घालू नये, थट्टाही करू नये. बाजारातून सामान आणणे, लहानग्यांचा अभ्यास घेणे असे झेपेल ते काम त्याच्यावर सोपवावे. लग्नकार्यात त्याला मागच्या खोलीत बसवू नये. घरच्या निर्णयात त्याचे मत विचारावे.

रमजानमध्ये विशेष जपावे. रोज्यासाठी गोळ्या परस्पर बंद करू नयेत. इफ्तार-सहरीच्या वेळांत त्या बसतात का, हे आधीच डॉक्टरांना विचारावे. नाही बसल्या, तर शरीअतने आजारी माणसाला रोज्याची सवलत दिलीच आहे. ती घेणाऱ्याला टोमणे मारणे हा आपला गुन्हा ठरेल.

कोठे जावे हे सुचत नसेल तर सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेला १४४१६ वर फोन करावा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो.

मधुमेहाच्या गोळीची आपल्याला लाज वाटत नाही. मग या गोळीची का वाटावी?