अलाऊ म्हणजे काय करू द्यायचं?

गटाच्या बैठकीत मोबाईल फिरतो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो, "ताई, हे अलाऊ अलाऊ म्हणतंय, दाबू का?" आज या एकाच शब्दाबद्दल बोलू या.

शब्द तुम्हाला नवा नाही. परीक्षेत मोबाईल अलाऊड नाही. दवाखान्यात पेशंटजवळ दोन माणसं अलाऊड नाहीत. म्हणजे आपल्या कानावर हा शब्द बहुतेक वेळा 'नाही' जोडूनच पडलेला आहे. मोबाईलवर तो 'नाही' शिवाय येतो, नुसता 'अलाऊ'. मग काहीतरी चांगलंच असणार असं वाटतं आणि अंगठा पटकन तिकडे जातो.

शब्दकोशात अर्थ दिलेला असतो, 'परवानगी देणे'. अर्थ बरोबर आहे, पण घरात असं कोण बोलतं? आपण म्हणतो, "खेळू दे त्याला", "वासराला पिऊ दे", "दूध उतू जाऊ देऊ नकोस". हे जे 'खेळू दे', 'पिऊ दे' आहे ना, तेच अलाऊ. इंग्रजीत त्यासाठी वेगळं क्रियापद आहे, आपण कुठल्याही क्रियापदाला 'देणे' जोडून काम भागवतो. त्यामुळे आपल्या भाषेत हा अर्थ कधी अर्धवट राहत नाही. नुसतं "देऊ" कोणी म्हणत नाही. बघू देऊ, घेऊ देऊ, बसू देऊ, काहीतरी पुढे असतंच. मोबाईलवरचा अलाऊ वाचतानाही हेच करायचं. काय करू देऊ?

शिवणकाम करणाऱ्या बायकांना याचा आणखी एक अर्थ उपयोगी पडेल. इंग्रजी पॅटर्नवर 'अलाऊ वन इंच' लिहिलेलं असतं. तिथे परवानगीचा काही संबंध नाही. शिलाईसाठी एक इंच माया सोडा, एवढंच. पगारातला अलाउन्स, म्हणजे भत्ता, हा शब्दही याच घरातला.

आता मुख्य गोष्ट. अलाऊ तोच करू शकतो ज्याच्या हातात हक्क आहे. शेताच्या बांधावरून जाऊ द्यायचं की नाही हे शेतमालक ठरवतो, वाटसरू नाही. आपल्यापैकी कितीतरी जणी अजून बैठकीला येतानाही घरात विचारून येतात. आपल्याला परवानगी मागायची सवय आहे, द्यायची फारशी नाही. मोबाईलवर हे उलटं आहे. तिथे ॲप मागतं आणि तुम्ही देता. मालकीण तुम्ही.

ते मागतं कसं, ते बघा. चौकटीत वर एक वाक्य येतं. आधी अलाऊ, मग ॲपचं नाव, मग 'टु', आणि त्यापुढे काम. सगळी मेख त्या 'टु' च्या पुढे असते. 'कॉन्टॅक्ट्स' दिसलं तर साठवलेले सगळे नंबर बघू देऊ का? 'एसएमएस' दिसलं तर मेसेज वाचू देऊ का? बँकेचा ओटीपी मेसेजमध्येच येतो हे लक्षात असू द्या. 'मायक्रोफोन' म्हणजे आवाज ऐकू देऊ का, 'लोकेशन' म्हणजे मी कुठे आहे ते कळू देऊ का.

ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांनी अक्षरांची ओळख धरावी. पहिलं अक्षर मोठं, शिडीसारखं. मग दोन उभ्या काठ्या, एक गोल, आणि शेवटी नागमोडी. हा झाला अलाऊ. पण खालच्या बटणावर याच्या आधी आणखी एक शब्द असेल, आणि त्यात वर छोटीशी टिकली असेल, तर तो 'डोन्ट अलाऊ', म्हणजे 'नको'. दोन्हीकडे अलाऊ दिसतं म्हणून गोंधळ होतो. कधी मधल्या वाटाही दिलेल्या असतात, 'ॲप वापरताना' किंवा 'फक्त या वेळी'. सेटिंगमध्ये भाषा मराठी करून घेतली तर हे बरंचसं मराठीत येतं. ते काम मुलांकडून एकदा करून घ्याच.

हे इतकं सांगायचं कारण म्हणजे कर्जाची ॲप्स. आमच्या भागातल्या एका गटातल्या ताईंनी मुलीच्या फीसाठी पाच हजार रुपये अशा ॲपवरून घेतले. कागद नाही, सही नाही, दहा मिनिटांत पैसे. घेताना चार-पाच वेळा अलाऊ दाबलं. हप्ता आठवडाभर लांबला आणि फोन सुरू झाले. त्यांना नव्हे, त्यांच्या भावाला, मुलीच्या सरांना, गटाच्या अध्यक्षांना. "ही बाई पैसे बुडवते," म्हणून. त्या ताई दोन बैठकांना आल्याच नाहीत. गटाचे पैसे बुडवले असं कोणी म्हणेल या धास्तीने घरात बसल्या. गटाचा एक रुपया त्यांच्याकडे नव्हता.

नंबर कुठून गेले? पहिल्याच अलाऊमधून. आणि हे मागण्याचा त्या ॲपला हक्कच नव्हता. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगून ठेवलं आहे की कर्जाच्या ॲपने मोबाईलमधले नंबर, फोटो-फाईली आणि कॉलची यादी बघायची नाही. कॅमेरा, मायक्रोफोन किंवा लोकेशन लागलं तर ओळख पटवण्यासाठी एकदाच, तेही तुमची संमती घेऊन. तेव्हा कर्जाचं ॲप कॉन्टॅक्ट्स मागतंय एवढं दिसलं तरी तिथेच थांबा. पाच हजारांसाठी आपला गट आहे की! अंतर्गत कर्जाला बैठकीची वाट बघावी लागते, चार बायका प्रश्न विचारतात, हे खरं आहे. पण त्या माहेरी फोन करत नाहीत.

म्हणून सगळ्यालाच नको म्हणायचं का? तसंही नाही. व्हिडिओ कॉल करायचा तर कॅमेरा आणि मायक्रोफोन द्यावाच लागतो. पैसे पाठवायचं ॲप सुरू करताना मेसेजची परवानगी मागतं, कारण बँकेत दिलेला नंबर याच मोबाईलमध्ये आहे की नाही ते त्याला तपासायचं असतं. काम आणि मागणी जुळते का ते बघायचं. टॉर्चच्या ॲपला आपल्या नणंदेचा नंबर कशाला हवा?

दुसरा एक अलाऊ फार वाईट. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून फाईल येते, नाहीतर एखाद्या सरकारी योजनेचं नाव असतं. उघडली की मोबाईल म्हणतो, अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवू देऊ का? तिथे अलाऊ केलं की पत्रिका दिसत नाही, ॲप बसतं, आणि ते मेसेज वाचायला लागतं. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नाही, ओळखीच्या नंबरवरून आलेली असली तरी.

दिलेली परवानगी काढून घेता येते. सेटिंग, मग ॲप्स, त्या ॲपचं नाव, मग परमिशन, आणि तिथे डोन्ट अलाऊ. मात्र यामुळे फक्त पुढचं थांबतं. आधी नेलेले नंबर परत येत नाहीत. धमकीचे फोन येत असतील तर मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या. खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. एक, नऊ, तीन, शून्य. बँकेलाही लगेच कळवा.

येत्या बैठकीला मोबाईल चार्ज करून आणा. बचत आणि हप्ते लिहून झाले की प्रत्येकीच्या मोबाईलवर ती परमिशनची यादी उघडून बघू.