पत्र्याच्या शेडमध्ये केबल ट्रे बसवताय? रुंदी ठरवण्याआधी उष्णता मोजा

नांदेड-पूर्णा रेल्वेमार्गावर चुडावा स्थानक मागे पडले की दोन्ही बाजूंना कापूस, सोयाबीन आणि तुरीची शेते दिसतात. या पिकांवर प्रक्रिया करणारे उद्योग परभणी, नांदेड, हिंगोली पट्ट्यात पसरले आहेत. जिनिंग असो, दाल मिल असो की हळदीचे पॉलिशिंग, बहुतेकांची इमारत एकच: लोखंडी सांगाडा आणि वर पत्रा. अशा शेडमध्ये मोटरपर्यंत वीज नेणाऱ्या केबल ज्या लोखंडी मार्गिकेवरून जातात, तो केबल ट्रे. खरेदीच्या यादीत त्याचे नाव सर्वांत शेवटी येते आणि विचारले जातात दोनच प्रश्न. किती रुंद? मीटरला भाव काय?

हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. पहिला प्रश्न आहे, मे महिन्यात दुपारी तीन वाजता त्या पत्र्याखाली तापमान किती असते?

100 अँपिअरची केबल 60 वर कशी येते?

आपल्याकडे केबलच्या तक्त्यात हवेतील क्षमता साधारण 40 अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून दिलेली असते. परभणीत उन्हाळ्यात बाहेरच पारा 43-44 अंशांवर जातो. छताच्या पत्र्याला लागून ट्रे असेल तर तिथे 50 अंश सहज धरावेत. पीव्हीसी केबलमधील तार 70 अंशांपर्यंतच तापू द्यायची असते. म्हणजे वाढीला 30 ऐवजी 20 अंशच उरले. त्या हिशेबाने 100 अँपिअरची केबल सुमारे 82 वर येते.

आता अशा सहा केबल ट्रेवर एकमेकींना चिकटून टाकल्या आणि सगळ्या भरल्या लोडवर चालल्या, तर क्षमता आणखी पाऊण पट होते. हातात उरतात जेमतेम 60 अँपिअर. पन्नास एचपीची मोटर पूर्ण लोडवर सुमारे 65 अँपिअर घेते. कागदावर भरपूर वाटणारी केबल हंगामभर मर्यादेबाहेर चालते, पण ब्रेकर पडत नाही, कारण तो तक्त्यातला आकडा पाहून निवडलेला असतो. इन्सुलेशन मात्र हळूहळू कडक होत जाते.

एक्सएलपीई इन्सुलेशनची केबल 90 अंश सोसते, त्यामुळे उष्ण शेडसाठी ती बरी. पण स्वस्तातला उपाय जागेचा आहे. दोन केबलमध्ये एका केबलच्या जाडीएवढे अंतर ठेवले की गर्दीमुळे होणारी घट बरीच कमी होते. 35 मिलिमीटर जाडीच्या सहा केबल चिकटवल्या तर 210 मिलिमीटर लागतात, अंतर ठेवून 385. म्हणजे 300 चा ट्रे पुरत नाही. एकतर 600 चा घ्या किंवा 300 चे दोन ट्रे वेगवेगळ्या बाजूंनी न्या. आणि शक्य असेल तिथे ट्रे छतापासून मीटर-दीड मीटर खाली आणा. ब्रॅकेटचा खर्च वाढतो, पण केबलची एक साइज वाढवण्यापेक्षा तो बहुधा कमीच पडतो.

भोकांचा की शिडीचा?

भोके पाडलेल्या पत्र्याचा परफोरेटेड ट्रे हलक्या केबलसाठी, कंट्रोल वायरिंगसाठी चांगला. दोन बाजूंना पट्ट्या आणि मध्ये आडव्या दांड्या असलेला लॅडर ट्रे जाड, आर्मर्ड केबलसाठी. जिनिंगमध्ये मात्र निवड वजनापेक्षा धुळीवरून व्हावी. रुईचे तंतू सपाट तळावर साचतात, भोके बुजतात आणि गरम केबलवर पेट घेणारी गादीच तयार होते. लॅडरवर ते निदान टिकून बसत नाहीत, हवा मारून साफही होतात. वरून झाकण लावण्याचा मोह होतो. पण झाकणाने उष्णता कोंडते, शिवाय आत काय साचले ते दिसत नाही. लोडिंगखाली किंवा माणसांच्या वावरात झाकण ठीक. सगळीकडे नको.

गॅल्वनायझिंगबाबत थोडे वेगळे मत. हॉट डिपचा जाड थर कोकणातल्या खाऱ्या हवेत किंवा साखर कारखान्याच्या ओलसर विभागात हवाच. पूर्णा तालुक्यातल्या कोरड्या गोदामात आत बसणाऱ्या ट्रेला साधा प्री-गॅल्वनाइज्ड पत्रा चालतो. त्यात वाचलेले पैसे आधार वाढवण्यात घाला. कापलेल्या कडांना मात्र झिंक पेंट लावलाच पाहिजे आणि कडेची कूस घासून काढली पाहिजे. केबल ओढताना तीच ब्लेडसारखी लागते.

आधार किती अंतरावर?

इथे गणित निर्दय आहे. सारख्या भाराखाली ट्रेचा झोल अंतराच्या चौथ्या घातात वाढतो. आधार दीड मीटरऐवजी तीन मीटरवर दिला तर झोल दुप्पट नव्हे, सोळा पट. छताच्या पर्लिनला ट्रे टांगायचा असेल तर शेडच्या डिझाइनमध्ये तो भार धरला आहे का, हे आधी विचारा.

उष्णतेचा दुसरा परिणाम सांध्यांवर होतो. हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत 40 अंशांचा फरक धरला, तर 30 मीटरचा लोखंडी ट्रे सुमारे 14 मिलिमीटर लांबतो, ॲल्युमिनियमचा त्याच्या दुप्पट. लांब रांगेत प्रसरणासाठी फट लागते. त्या फटीवर अर्थिंगची लवचिक जोडतार लागते, आणि नेमकी तीच विसरली जाते. ट्रेच्या दोन्ही टोकांना अर्थिंग द्या. पावडर कोटिंग असेल तर सांध्याखालचा रंग खरवडा.

वळणावरही घाई नको. बहुतारी आर्मर्ड केबलला तिच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्या हवी. 35 मिलिमीटरच्या केबलला 420. बाजारातला 300 त्रिज्येचा तयार बेंड तिथे चालणार नाही.

भिंतीतले भोक

ट्रे भिंतीतून पलीकडे जातो, तिथे आगही त्याच वाटेने जाऊ शकते. उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्रात 31 मार्च 1993 रोजी टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेल पेटले. आग केबलपर्यंत पोहोचली, मुख्य आणि पर्यायी दोन्ही पुरवठ्यांच्या केबल जळाल्या. सुमारे 17 तास केंद्र अंधारात होते. अणुभट्टी सुरक्षित राहिली, पण दोन्ही वाटा एकत्र नेल्या की काय होते हे दिसले. अमेरिकेत ब्राउन्स फेरी केंद्रात 1975 मध्ये केबल जाणाऱ्या भोकातली हवेची गळती मेणबत्तीने तपासताना तिथला फोम पेटला. 1,600 हून अधिक केबल जळाल्या.

जिनिंगचे शेड अणुवीज केंद्र नव्हे. पण पॅनेल रूम आणि रुईच्या हॉलमधल्या भिंतीतले भोक फोमने किंवा गोणपाटाने बुजवलेले असेल, तर ते काढून अग्निरोधक मिश्रण भरून घ्या. फायर पंपाची केबल इतरांबरोबर एकाच ट्रेवर नेऊ नका.

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या. बिलासोबत केबलची जाडी, ट्रेची जाडी आणि आधारांचे अंतर लिहिलेला नकाशा मागून घ्या. मोटर पूर्ण लोडवर असताना हंगामाच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि उन्हाळ्यात काम सुरू असेल तर मे महिन्यात एकदा, दुपारीच, इन्फ्रारेड थर्मामीटरने केबलचे तापमान पाहावे. ट्रेच्या मधोमध असलेल्या केबलचे.