बुलेटचा स्लो बिघडतो तेव्हा

कुंभकोणमच्या रस्त्यांवर बुलेटच्या कार्बोरेटरमधल्या मेन जेटला फारसं काम नसतं. गाव सपाट, उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार, आणि मधे सारंगपाणी आणि कुंभेश्वराच्या देवळांभोवतीच्या अरुंद गल्ल्या. महामहम तळ्यापासून बाजारापर्यंत जायचं, कॉफीची पूड आणि विड्याची पानं घ्यायची, परत यायचं. या सगळ्यात थ्रॉटल पावापुढे क्वचितच जातो. तरीही गाडी मिसिंग मारायला लागली की पहिला संशय मेन जेटवर, कारण त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. दुखणं बहुतेक वेळा दुसरीकडे, स्लोच्या बारीक भोकात असतं.

ही गाडी तशी या राज्यातलीच. मद्रास मोटर्स आणि रेडिचची रॉयल एनफिल्ड यांनी १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया काढली, आणि तिरुवोत्तियूरच्या कारखान्यातून ३४६ सीसीची बुलेट पुढची कित्येक दशकं जवळपास त्याच रूपात निघत राहिली. इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर. जुन्या गाड्यांवर अमल मोनोब्लॉक कार्बोरेटर सापडतो, नंतरच्यांवर मिककार्बचा २४ मिलिमीटरचा. १९२७ मध्ये तीन ब्रिटिश कार्बोरेटर कंपन्या एकत्र आल्या आणि अमल जन्माला आली. मिककार्ब हा जपानी मिकुनीच्या घराण्यातला. दोघांची अंगकाठी वेगळी असली तरी काम एकाच तत्त्वावर चालतं, म्हणून इथे दोन्ही बरोबरच घेतो.

पूर्वी घरोघरी ढेकणांसाठी फ्लिटचा पंप असायचा. दांडा दाबला की हवा नळीच्या तोंडावरून जोरात जाते, तिथला दाब कमी होतो, आणि डब्यातलं औषध वर चढून फवारा होतो. कार्बोरेटर हेच करतो, फक्त हवा ओढायचं काम पिस्टन करतो. मधला गळा अरुंद असल्यामुळे हवेचा वेग तिथे वाढतो आणि पेट्रोल वर ओढलं जातं. प्रश्न प्रमाणाचा आहे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. पेट्रोल जास्त झालं तर मिश्रण रिच, कमी झालं तर लीन. हे प्रमाण मंद गतीपासून पूर्ण वेगापर्यंत एका भोकाने सांभाळता येत नाही, म्हणून थ्रॉटलच्या प्रत्येक टप्प्याला वेगळा मालक नेमलेला आहे. बंद थ्रॉटलपासून साधारण एक अष्टमांशापर्यंत पायलट जेट, म्हणजे मेकॅनिकचा स्लो जेट. तिथून पावापर्यंत, थ्रॉटलबरोबर वर-खाली सरकणाऱ्या स्लाइडच्या बुडाला तिरका काप असतो, त्याचा अंमल. पावापासून पाऊणपर्यंत निडल आणि तिच्याभोवतीचा निडल जेट. त्यापुढेच मेन जेट.

हे टप्पे डोक्यात ठेवण्यापेक्षा हँडलवर उतरवावेत. मुठीच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा, समोरच्या घट्ट भागावर एक अष्टमांश, पाव, अर्धा आणि पाऊण अशा खुणा. गाडी चालवताना त्रास कुठल्या खुणेवर होतो ते पाहिलं की कार्बोरेटरच्या कुठल्या भागाकडे जायचं ते कळतं. पाच रुपयांच्या चिकटपट्टीने जेवढं निदान होतं, तेवढं महागड्या उपकरणांनीही होत नाही, असं माझं मत आहे.

उघडण्याआधी बाकीचे संशयित तपासा. प्लग, पॉइंट्सची फट, टॅपेट, एअर फिल्टर, पेट्रोल कॉकची जाळी, टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक. झाकणाचं भोक बुजलं तर गाडी काही किलोमीटर उत्तम चालते आणि मग उपाशी असल्यासारखी बंद पडते. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू. झाकण उघडल्यावर फस्स आवाज आला तर कार्बोरेटरला हात लावायची गरज नाही. कार्बोरेटरच्या नावावर खपवलेले कितीतरी बिघाड खरं तर पॉइंट्स आणि कंडेन्सरचे असतात.

संशय पक्का झाला तर कॉक बंद करा, पाइप काढा, वरचं झाकण फिरवून स्लाइड निडलसकट बाहेर ओढा. ती केबलला लटकत राहू द्या, पण निडल वाकणार नाही अशा बेताने फडक्यात गुंडाळा. मग फ्लँजचे दोन नट. हे काम ओट्यावर किंवा अंगणात करा, बंद खोलीत नको. दिवेलागणीला देवाजवळ समई पेटते आणि पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकत जाते.

स्लोच्या मिश्रणातली हवा ठरवणारा एअर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत बसवा आणि किती वळणं आत गेला ते कागदावर लिहा. दीड वळण ही बहुतेक कार्बोरेटरची सुरुवातीची जागा, पण तुमच्या गाडीची जागा तिच्या झिजेनुसार वेगळी असू शकते. जोराने आवळला तर स्क्रूचं टोक आणि त्याची बैठक दोन्ही बिघडतात, आणि बैठक ही मूळ अंगातच कोरलेली असल्यामुळे बदलता येत नाही. फ्लोटच्या कप्प्याचे स्क्रू बरीच वर्षं उघडले नसतील तर आडवे जातात. तिथे जोर करण्याआधी स्क्रूच्या डोक्यावर स्क्रू ड्रायव्हर टेकवून हातोडीचा हलका ठोका द्या, थोडं भेदक तेल टाका, आणि खाचेत नीट बसेल असंच टोक वापरा. निघालेला प्रत्येक भाग स्टीलच्या ताटात, निघाल्याच्या क्रमाने. मधेमधे फोनवर फोटो काढत गेलं तर जोडणीच्या वेळी वाद होत नाहीत.

आता सफाई, आणि खरी मेहनत इथेच आहे. जेट पितळेचे. पितळ किती मऊ असतं ते कुंभकोणमला सांगायला नको. इथला भांडीबाजार आणि जवळच्या नाच्चियारकोविलच्या समया याच धातूच्या जोरावर उभ्या आहेत. म्हणून जेटच्या भोकात स्टीलची तार कधीही घालू नये. एका खरवडण्याने भोक मोठं होतं आणि वर कोरलेला आकडा खोटा ठरतो. जेट कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, मग नायलॉनचा मासेमारीचा धागा किंवा विजेच्या वायरीतली एकच तांब्याची तार आरपार घाला. उजेडाकडे धरून पाहा. भोक गोल दिसलं पाहिजे, कडेला हिरवट किंवा तपकिरी थर नको.

जेट साफ झाले की बरेचजण समाधान मानतात आणि स्लो तसाच राहतो. पायलट जेटमधून निघालेलं पेट्रोल अंगातल्या वाटेने जाऊन गळ्याच्या तळाशी, स्लाइडच्या आसपास, सुईच्या टोकाएवढ्या भोकांतून वर येतं. ही वाट बाहेरून दिसत नाही. एअर स्क्रूच्या भोकात स्प्रेची नळी लावा, दाबा, आणि गळ्यात बारीक धार निघते का पाहा. दुसरीकडचं तोंड बोटाने बंद करून पुन्हा दाबा. धार जिथून यायला हवी तिथून यायला हवी, नुसतं ओलं झालेलं चालत नाही. नंतर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारा. त्याआधी फ्लोट आणि रबराचे भाग काढलेले असावेत, आणि डोळ्यांवर चष्मा असावा. स्प्रे कुठल्या भोकातून उलटा येईल याचा नेम नसतो. मोनोब्लॉकमध्ये पायलट जेट खालच्या बाजूला टोपीच्या नटाखाली लपलेला असतो, आणि पुष्कळ गाड्यांत तो वर्षानुवर्षं कोणी उघडलेलाच नसतो.

फ्लोटकडे लोकांचं सहसा लक्ष नसतं. तो कप्प्यातल्या पेट्रोलची पातळी राखतो, आणि ही पातळी ठरवते की सगळ्या जेटना पेट्रोल किती उचलून घ्यावं लागेल. पातळी वर असेल तर प्रत्येक टप्प्यावर गाडी रिच, खाली असेल तर प्रत्येक टप्प्यावर लीन, आणि मग कुठलाही जेट बदलून उपयोग होत नाही. मिककार्ब उलटा धरल्यावर फ्लोटचे हात गॅस्केटच्या पृष्ठभागाला समांतर दिसायला हवेत. नसतील तर मधली बारीक जीभ हळूच वाकवा, फ्लोट दाबून नव्हे. फ्लोट निडलच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर ती बदला. गाडी उभी असताना पेट्रोल गळतं ते बहुधा तिच्यामुळेच. फ्लोट पितळी असेल तर कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर गरम पाण्यात बुडवल्यावर भोकाच्या जागी बुडबुडे येतील. आधी आतलं पेट्रोल आणि त्याची वाफ पूर्ण बाहेर काढायची, मगच डाग द्यायचा. डागही बेताचाच, कारण जड फ्लोट पातळी वर नेतो.

झीज हा वेगळा विषय, आणि तिथे सफाईचं काही चालत नाही. अमलचं अंग आणि स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूचे, एकमेकांवर घासून दोघेही झिजतात. स्लाइड आत घालून पुढे-मागे हलवली आणि ती खुळखुळली तर कडेने फाजील हवा शिरते आणि आयडल कधीच एका जागी टिकत नाही. फ्लँज पूर्वी कुणीतरी जास्त आवळला असेल तर तो धनुष्यासारखा वाकतो. काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून त्यावर तो आठ आकड्याच्या चालीने घासा, आणि पुढच्या वेळी नट दोन्ही बाजूंनी थोडेथोडे, समान आवळा.

जोडताना एक गोष्ट जीवावर बेतू शकते. स्लाइडचा तिरका काप एअर फिल्टरकडे हवा. उलटी घातली तर इंजिन सुरू होताच रेस होतं आणि हँडल सोडून उपयोग नसतो. झाकण लावल्यावर, किक मारण्याआधी, थ्रॉटल पूर्ण उघडून सोडा. स्लाइड खाली पडल्याचा स्पष्ट ‘टक’ ऐकू आला पाहिजे. हँडल दोन्ही टोकांना वळवूनही तो यायला हवा.

ट्यूनिंग गरम इंजिनावरच होते. दारासुरमच्या ऐरावतेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन या, तेवढ्यात तापतं. थ्रॉटल स्टॉपचा स्क्रू किंचित आत घालून आयडल जरा चढं ठेवा. मग एअर स्क्रू पाव-पाव वळणाने फिरवा आणि इंजिन जिथे सगळ्यात वेगाने, एकसारखं चालेल तिथे थांबा. आता स्टॉप स्क्रूने आयडल खाली आणा, आणि एअर स्क्रूची चाचणी पुन्हा एकदा. या दोन्ही कार्बोरेटरवर स्क्रू आत गेला की मिश्रण रिच होतं, बाहेर आला की लीन. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असलेल्या काही कार्बोरेटरवर हे बरोबर उलट असतं, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा अनुभव इथे लावू नका. स्क्रू अर्ध्या वळणाच्या आत बसूनही इंजिन सुधारत राहिलं तर पायलट जेट छोटा किंवा अजून बुजलेला आहे. तीन वळणं बाहेर काढूनही फरक पडत नसेल तर जेट मोठा आहे किंवा पातळी वर आहे.

निडलला वरच्या टोकाला क्लिपसाठी पाच खाचा असतात. क्लिप एक खाच खाली घेतली की निडल वर येते आणि मधल्या टप्प्यात मिश्रण रिच होतं.

प्लगचा रंग पाहून निदान करायची जुनी रीत अजून शिकवली जाते: चॉकलेटी तपकिरी म्हणजे बरोबर. हा रंग बऱ्याच अंशी शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातला आहे. देशात शिसं २००० साली बंद झालं. आजच्या पेट्रोलवर निरोगी प्लग बराच फिकट दिसतो, आणि तपकिरी रंगाच्या हट्टापायी गाडी विनाकारण रिच केली जाते.

त्याहून मोठा बदल इथेनॉलचा. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट गाठलं, आणि त्यात साखर कारखान्यांचाही मोठा वाटा आहे. इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असतो, त्यामुळे या मिश्रणाला पूर्ण जळायला हवा कमी पुरते. आदर्श प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतं. जेट तेच ठेवले तर गाडी सात-आठ टक्के लीन चालते. कारखान्याच्या पुस्तिकेतला आकडा आता जसाच्या तसा पाळायचं कारण उरलेलं नाही. पायलटला एक नंबर मोठा जेट आणि निडलची क्लिप एक खाच खाली, इथून सुरुवात करावी. मेन जेटला हात शेवटी लावावा, आणि तोही तुम्ही तंजावरच्या मोकळ्या रस्त्यावर खरोखर पाऊण थ्रॉटलने जात असाल तरच. उटीला जाणार असाल तर पायलट आणि मेनचे मूळ जेट खिशात असू द्या. तिथे उंची २,२०० मीटरच्या वर, हवा विरळ, आणि तीच गाडी पुन्हा रिच होते.

इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी पावसात इथली हवा ओलीच असते. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलसकट पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं, आणि कप्प्यात जस्तावर पांढरी भुकटी धरते. जुन्या रबराच्या सील आणि पाइप फुगतात, त्यांना इथेनॉल सोसणारे पर्याय बसवा. गाडी दोन आठवड्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, आणि नंतर कप्प्याच्या तळाचा स्क्रू काढून राहिलेलं थेंबभर पेट्रोलही बाटलीत घ्या. बाटली रात्रभर उभी ठेवून तळाला पाण्याचा थर दिसतो का ते पाहा. दिसला तर टाकीही रिकामी करायला लागेल.