कमान लांबली, वाट अवघड झाली

हृदयातून निघणारी महाधमनी छातीत कमानीसारखी वळते. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या या कमानीतूनच फुटतात, जसे कालव्यातून पाट. वय वाढले, रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला, की कमान लांबते आणि पाटांची तोंडे खाली जातात.

मेंदूत गुठळी अडकून अर्धांगवायू झाला, तर डॉक्टर बहुधा जांघेतून बारीक नळी याच वाटेने वर नेऊन ती काढतात. वळण अवघड असले की उशीर होतो, आणि तेवढ्यात मेंदू आणखी दगावतो.

वय हाती नाही, रक्तदाब आहे. तिशीनंतर तो दरवर्षी मोजा. गोळी मनाने सोडू नका. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर तडक मोठे रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.